पतीचे नाव सांगा

९ नोव्हेंबर २०२४

कपाटात चार कोऱ्या टाचणवह्या सापडल्या. निवृत्त होताना शाळेतून आणल्या होत्या, चोरीच म्हणायची. बत्तीस वर्षं तिसरीला शिकवलं आणि रोज उद्याच्या पाठाचं टाचण काढलं. आता उद्याचं काहीच माहीत नाही, म्हणून झालेलं लिहितो.

वासंती आज बाराव्या दिवशी उशीला टेकून बसली. ताप आला तेव्हा मी साथीचा समजून सोडून दिला होता. चौथ्या दिवशी तिने आमटीत तीनदा मीठ घातलं, पाचव्या दिवशी ओट्यापाशीच फिट येऊन पडली. ठाण्याला आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, विषाणू मेंदूपर्यंत पोचलाय. जीव वाचला. बाकी काय वाचलं ते आज पाहायचं होतं.

डॉक्टरांनी छापील प्रश्न विचारले. मी कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात मार्क देत होतो, सवय जात नाही. साल कोणतं? "एकोणनव्वद." चूक. आपण कुठे आहोत? "दवाखान्यात." बरोबर. पूर्ण नाव? "वासंती घाडीगावकर." मधलं नाव गाळलं, अर्धा मार्क. प्रश्न चौथा, पतीचे नाव सांगा. वासंतीने डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मान खाली घातली. चादरीचं टोक ओठांशी नेलं आणि जराशी हसली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. शून्य.

१० नोव्हेंबर

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूचा जो भाग नवीन गोष्ट साठवतो, तो दोन्ही बाजूंनी खराब झालाय. म्हणजे फळा जागेवर आहे, पण खडू उमटत नाही. जुनं जे आहे तेही सलग नाही. आठवलं नाही की असे पेशंट हसून वेळ मारून नेतात, असंही ते म्हणाले. कालच्या हसण्याचा उलगडा झाला.

सूनबाई ऐश्वर्या बाहेर मला म्हणाली, "बाबा, आई तुमचं नाव घेतच नाहीत ना कधी. लाजल्या असतील."

हे मलाही सुचलं होतं. वासंतीने आजवर चार वेळा माझं नाव घेतलंय, चारही वेळा उखाण्यात. बँकेत कुणी विचारलं तर पासबुक पुढे करायची. पण इस्पितळ म्हणजे काही हळदीकुंकू नव्हे, तिथे कोण लाजतं? बाकीचे प्रश्न चुकले आणि नेमका हाच येत होता असं म्हणणं म्हणजे घरच्या मुलाला पास करण्यासारखं आहे. आमचा ऋतुराज माझ्याच वर्गात होता, तेव्हा त्यालाही मी कधी एक मार्क जास्त दिला नाही.

२२ नोव्हेंबर

काल ठाकुर्लीला घरी आणलं. तिला घर कळतं. डबे कुठे आहेत ते कळतं, कांदा डोळे मिटून चिरते. पण दहा मिनिटांपूर्वी जेवलो हे कळत नाही. ऋतूला बालवाडीतून आणायची वेळ झाली म्हणून दोनदा चपला घातल्या. ऋतू अडतीस वर्षांचा आहे आणि घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो.

मी दूध घेऊन आलो तर म्हणाली, "अहो, आज लवकर आलात?" बरं वाटलं. पण अहो तर कुणालाही म्हणता येतं. रिक्षावाल्यालाही आपण अहोच म्हणतो.

१५ डिसेंबर

ऋतुराज आणि ऐश्वर्या आले होते. बोलायचं ठरवूनच आले होते, कारण नात सान्वीला आणलं नव्हतं.

शहाडला नदीच्या बाजूला एक केंद्र आहे, अशा पेशंटांसाठीच. चोवीस तास माणसं असतात. ऋतू म्हणाला, "बाबा, तुम्ही पासष्ट वर्षांचे. गुडघे असे. परवा ती गॅस चालू ठेवून बाहेर पडलेली, खालच्या वॉचमनने अडवली म्हणून. कसं करणार तुम्ही?"

"करीन."

"कशासाठी पण? ती तुम्हाला ओळखत पण नाही. तुमचं नाव नाही सांगता आलं तिला. तिला इथे काय आणि तिथे काय, फरक काय पडतो?"

पोरगा वाईट नाही. बोलून गेल्यावर त्याचाच चेहरा उतरला. पण मला ते लागलं, कारण मीही रोज तेच मनात म्हणतो. मी सांगितलं, मार्चमध्ये डॉक्टर पुन्हा तेच प्रश्न विचारणार आहेत. तोवर थांब. तिने मला ओळखलं तर ती इथेच राहील, नाही ओळखलं तर तू म्हणशील तसं.

ऋतू हो म्हणाला. मी आजवर असंख्य ढ मुलं काठावर आणली आहेत. हिच्यासाठी तर तीन महिने आहेत.

१७ डिसेंबर

आठवड्यातून एकदा कल्पिता येते, डॉक्टरांनी नेमून दिलेली थेरपिस्ट. लहानखुरी, हसरी मुलगी. तिने पद्धत शिकवली. अशा पेशंटला अंदाज करायला लावायचं नाही, चुकीचं उत्तरच पक्कं होतं. प्रश्न, लगेच उत्तर, आणि तिच्याकडून म्हणवून घ्यायचं. हळूहळू अंतर वाढवायचं. पुष्कळ वेळा केलं की समजल्याशिवायही पाठ होतं.

मी म्हटलं, अगं, हेच तर मी बत्तीस वर्षं केलं. सतराचा पाढा कोणाला समजतो?

ती म्हणाली, "काका, आधी गॅस बंद करायचं शिकवू या. बाथरूमचं दार. नावाचं नंतर बघू."

मी तिला मार्चचं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. पण एकच नाव एवढं घोटू नका." तरुण मुलींना पाठांतराचं वावडंच असतं.

माझा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून कार्ड केलं. मागे मोठ्या अक्षरात: पतीचे नाव सांगा. उत्तम दत्ताराम घाडीगावकर. सकाळी वीस वेळा, दुपारी वीस, संध्याकाळी वीस.

२६ डिसेंबर

नऊ दिवस झाले, एकदाही म्हणत नाही. ढब्बू मिरची म्हणते, गॅस म्हणते, ऋतुराज म्हणते. कार्ड पुढे केलं की मान खाली. आज तर तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि हळूच उपडं ठेवलं.

माझा आवाज चढला. "वासंती, तोंडाने बोल! एवढंसं नाव नाही येत?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुम्ही असं का करताय?" थोड्या वेळाने तिला आपण का रडलो ते आठवेना, गाल ओला कसा म्हणून ती हाताने पुसून बघत होती. मला माझी लाज वाटली. दुपारी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी पुन्हा वीस वेळा घेतलं. लाड करून कोणी शिकत नाही.

१४ जानेवारी २०२५

म्हणाली!

सकाळी तिळगूळ देऊन कार्ड धरलं. पतीचे नाव सांगा. तिने कार्डाकडे पाहिलं, मान खाली घातली नाही, आणि स्पष्ट म्हणाली, "उत्तम दत्ताराम घाडीगावकर." हजेरी द्यावी तशी.

मी रडलो, इथे लिहायला हरकत नाही. ऋतूला फोन केला, ऐश्वर्याला केला, कल्पितालाही केला. ती म्हणाली, "अभिनंदन काका," आणि विचारलं, "म्हणताना हसल्या का?" मी म्हटलं, नाही, अगदी सरळ म्हणाली. बघितलंत, हसून वेळ मारून नेणं बंद झालं!

६ फेब्रुवारी

सोमवारी भाजी निवडताना फिट आली. तीन दिवस ठाण्याला ठेवून काल सोडलं. डॉक्टर म्हणतात, फिटमुळे आणखी काही वर्षं पुसली गेली असतील. आज ती रिकाम्या पलंगाकडे बोट दाखवून म्हणाली, "हळू बोला, ऋतू झोपलाय." म्हणजे बाळ झालाय तो.

पण कार्ड दाखवलं तर उत्तर पूर्वीपेक्षा चटकन. एवढं सगळं वाहून गेलं आणि माझं नाव राहिलं. माझ्या पद्धतीचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

२७ फेब्रुवारी

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. आतून हाक आली, "उत्तम! अरे उत्तम, डबा उघडून दे ना."

ओला शर्ट हातात घेऊनच आत धावलो. कार्ड नाही, प्रश्न नाही, आपणहून. लग्नाच्या बायकोने नावाने हाक मारली तर कसं वाटतं ते या वयात कळलं. आणि अरे-तुरे! आमच्या पिढीत हे सुख कोणाला? सूनबाई ऋतूला अरे म्हणते तेव्हा वासंती नाक मुरडायची. आता स्वतःच म्हणते. म्हातारपणी मैत्री व्हावी तशी ती माझ्याशी वागते आहे.

८ मार्च

परीक्षा. ऋतू रजा घेऊन ठाण्याच्या इस्पितळात आला होता, सतत घड्याळ बघत होता. साल विचारलं, "सत्त्याऐंशी." कुठे आहोत? "डोंबिवलीला." चूक, पण जवळपास. मग डॉक्टरांनी कागदाकडे पाहून वाचलं, पतीचे नाव सांगा.

"उत्तम दत्ताराम घाडीगावकर."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. बरोबरची खूण केली. ऋतूने मला तिथेच मिठी मारली, दहावीला पास झाला तेव्हाही मारली नव्हती. गाडीत म्हणाला, "सॉरी बाबा. शहाडचं कॅन्सल. आई कुठे जात नाही."

मागच्या सीटवर वासंती ऐश्वर्याला विचारत होती, "हे उत्तम तुमचे कोण?" ऐश्वर्या म्हणाली, "सासरे." वासंती म्हणाली, "चांगले आहेत." आम्ही सगळे हसलो.

३० मार्च

पाडवा. श्रीखंड ऐश्वर्याने पाठवलं.

वासंतीत बरीच सुधारणा आहे. स्वतःचं भान आलंय. पूर्वी मी केस विंचरून द्यायचो, आता ती हात लावू देत नाही. मी खोलीत गेलो की गाऊनवर टॉवेल घेते. कपडे बदलताना दाराला कडी लावते. कडीचं मला भय वाटतं, म्हणून मी बाहेर उभा राहून बोलत राहतो. तिला ते आवडत नसावं. हल्ली मी बाहेरच्या खोलीत झोपतो, तिनेच तशी गादी घालून दिली.

चहा दिला तो बशीसकट कपात, एरवी नुसता कप असतो. विचारलं, "साखर किती घेतोस?" मग समोर बसून म्हणाली, "घरी कोण कोण असतं तुझ्या?" मी म्हटलं, बायको असते. "आणायचीस कधीतरी," म्हणाली. तिची थट्टा करायची सवय पार लग्नापासूनची. मी खूप हसलो. तीही हसली, पण जरा उशिरा.

१८ एप्रिल

जेवायला वाढते ते मला आधी. मग एक ताट झाकून ठेवते आणि स्वतः जेवत नाही. मी जेवलो ते विसरते, दुसरं काय. झाकलेलं ताट रोज मीच संपवतो, वजन वाढलंय.

११ मे

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर मी एकटाच हे धरून बसेन.

संध्याकाळी सहाला वासंती म्हणाली, "उत्तम, तू निघ आता. हे यायची वेळ झाली. तू बसलेला बरा दिसत नाहीस."

"हे कोण?" मी विचारलं. विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

"माझे मिस्टर. शाळेत मास्तर आहेत."

मी खुर्चीत बसलो. बशी, साखर, टॉवेल, कडी, झाकलेलं ताट, सगळं एकदम समोर उभं राहिलं. इतके दिवस ज्याला मी सुधारणा म्हणून वहीत उतरवत होतो ते सगळं.

आवाज नीट ठेवून मी म्हटलं, "कसे आहेत तुमचे मिस्टर?"

तिचा चेहरा उजळला. असा चेहरा आजारानंतर पाहिला नव्हता. "कडक आहेत. पोरं चळचळा कापतात. पण वर्गात कोणाला मारलं ना, की त्या दिवशी घरी येऊन जेवत नाहीत. मला म्हणतात डोकं दुखतंय. मी बाम लावून देते. मला कळतं सगळं, पण मी विचारत नाही. त्यांना वाटू दे मला कळत नाही."

बत्तीस वर्षं मला तसंच वाटत होतं.

"चांगले आहेत का पण?"

"माझ्यावर कधी आवाज नाही चढवला," ती म्हणाली. डिसेंबर तिच्याकडे नाही. माझ्याकडे आहे.

मग मी विचारलं, "नाव काय त्यांचं?"

पुस्तकातला प्रश्न पुस्तकातल्या शब्दांत विचारला नाही की पाठांतर करणारं मूल अडतं, हे मी जन्मभर पाहिलंय. वासंती मात्र अडली नाही. तिने मान खाली घातली, टॉवेलचं टोक ओठांशी नेलं आणि हसली. "चल! नवऱ्याचं नाव घेतात का असं? तेही परक्या माणसासमोर?"

इस्पितळात ती नेमकी अशीच हसली होती. तिला उत्तर येत होतं. सगळ्या कागदात तिला पक्कं येत असलेलं तेच एक उत्तर होतं, आणि ते ती बायकोने द्यावं तसं देत होती. ऐश्वर्याला कळलं, मला नाही. मी शून्य मान्य केलं आणि तीन महिने, दिवसाला साठ वेळा, तिच्याकडून ते पुसून घेतलं.

१३ मे

कल्पिता आली तेव्हा वासंती झोपली होती. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, पुसता येतं का?

तिने वासंतीच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं. मग म्हणाली, "काका, फिटनंतर आणखी वर्षं गेली. त्यांच्या डोक्यात नवरा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा आहे. तुमचा आजचा चेहरा तसाही सुटलाच असता कदाचित."

"कदाचित," मी म्हटलं. "पण ज्याला खुशाल नावाने हाक मारता येते तो नवरा असूच शकत नाही, हे तर मीच तिला शिकवलं ना?"

"पाठ झालेलं पुसता नाही येत," ती म्हणाली. "नवीन काही त्यावर चढवता येतं का बघू." आवाजावरून कळलं की तिलाही खात्री नाही. जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळी कार्डं मी फाडून टाकली, त्याने काही फरक पडत नाही हे माहीत असून.

२९ मे

पंधरा दिवस प्रयत्न केला. मी तुझा नवरा आहे असं सरळ सांगून पाहिलं, तर ती घाबरली, गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि खालच्या बायकांना हाका मारायला लागली. पुन्हा ते करणार नाही. लग्नाचा फोटो दाखवला. त्यातल्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "हेच माझे मिस्टर," आणि फोटो पदराने पुसल्यासारखा टॉवेलने पुसला.

आज शेवटचा उपाय केला. पाच वाजता दाढी केली, केसांना कलप लावलाच होता काल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, हातात पिशवी. जिन्याने खाली गेलो, बिल्डिंगला एक फेरी मारली आणि साडेसहाला बेल वाजवली. मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हासारखी कॉलर दोनदा नीट केली.

दार धावत उघडलं. हसू होतं तोंडावर. मला पाहून ते ओसरलं, पण माणसाला वाईट वाटू नये म्हणून तिने थोडं ठेवलं.

"तू होय, उत्तम. ये. मला वाटलं हे आले."

ऋतूचा फोन आला तेव्हा मी अजून पिशवी धरूनच बसलो होतो. घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकला की तो फोन करतो. म्हणाला, "आई बरी आहे ना? ओळखते ना तुम्हाला अजून?"

खरं सांगितलं असतं तर शहाडचं पुन्हा निघालं असतं. तिला या घरातून उचलून अनोळखी माणसांत नेऊन ठेवायचं, जिथे बेल वाजली तरी ती तिचा नवरा आला म्हणून धावणार नाही.

"नावाने हाक मारते," मी म्हटलं.

"ग्रेट," ऋतू म्हणाला. हॉर्न ऐकू येत होते.

फोन ठेवला तर वासंती खिडकीशी उभी होती, रस्त्याकडे बघत. मी पिशवी खाली ठेवली आणि निघतो म्हटलं. इतके दिवस ती घालवते आणि मी जिन्यात थोडं थांबून परत येतो, ती विसरलेली असते. आज मात्र तिने वळून पाहिलं.

"थांब ना जरा. आज फारच उशीर झाला त्यांना. एकटीला जीव घाबरा होतो."

मी दुसरी खुर्ची खिडकीपाशी नेली आणि तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसलो.

"थांबतो," मी म्हटलं. "ते येईपर्यंत थांबतो."